अवीमामाची ओवाळणी

"डोक्यावर काहीतरी घे रे, असं उघड्या डोक्यानं ओवाळून घेतात का कुणी?" आई म्हणाली. अवीमामानं इकडंतिकडं बघितलं, खुंटीवरचा माझ्या शाळेचा स्कार्फ ओढला आणि डोक्यावर टाकला. निळ्या स्कार्फवर पांढऱ्या अक्षरात 'शिस्त' असं लिहिलेलं. ते बरोबर त्याच्या कपाळावर आलं.

मी हसून हसून पाटाशेजारीच लोळले. बाबा म्हणाले, "पहिल्यांदाच तुझ्या डोक्यात शिरली बघ."

"विन्या, हॉस्टेलवर रात्री तुझे मोजे कोण धुवायचं ते सांगू का पोरीला?" मामा बाबांना म्हणाला.

"नको. सणाचा दिवस आहे."

अवीमामा माझा सख्खा मामा नव्हे. आईला भाऊच नाही. तो बाबांचा कॉलेजातला मित्र, अविनाश देवकुळे. एका खोलीत राहून बाबा केमिकल इंजिनिअर झाले आणि तो सीए. पुढं दोघंही 'मधुकोष'मध्ये लागले. बाबा केमिकल साइडला शिफ्ट सांभाळायला आणि तो फायनान्सला. बघता बघता तो सगळ्या कंपनीच्या फायनान्सचा प्रमुख झाला. त्याची बायको आणि मुलगा पुण्याला, आठवड्यातले चार दिवस तो इथं कारखान्यावर. गेस्ट हाउसचं जेवण त्याला घशाखाली उतरायचं नाही, म्हणून तो आमच्याकडं जेवायचा. आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी त्याची जागा ठरलेली होती आणि त्याचं स्टीलचं ताटही. आईनं बोहारणीकडून नव्हे, चांगलं दुकानातून घेऊन त्यावर 'अवी' असं नाव घालून आणलं होतं. रोज निघताना तो म्हणायचा, "येतो, ताई." आणि आई दारातून विचारायची, "उद्या भाजी कुठली करू?"

त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्या हातचं गवतही चालेल."

मी तेव्हा नववीत होते. आता बारावीत आहे. त्या वर्षी मला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळाला होता आणि जगात आपल्याला न जमणारी गोष्ट नाही अशी माझी पक्की खात्री झाली होती. त्यात भर म्हणजे मला कंपनीचे तिमाही निकाल वाचता यायचे! माझ्या वर्गातल्या मुली सिनेमाचे ट्रेलर बघायच्या, मी दर तीन महिन्यांनी मधुकोषचा निकाल बघायचे. शिकवलं अर्थात अवीमामानंच. फ्रीजशेजारी बसून, भाकरीचा तुकडा हवेत नाचवत.

"साखर कारखान्याचा निकाल कसा वाचायचा, मैथिलीबाई? पावसाळ्याच्या तिमाहीची तुलना हिवाळ्याच्या तिमाहीशी केली तर?"

"तर आपण गाढव."

"का?"

"कारण पावसाळ्यात ऊसच गाळत नाहीत. मागच्या वर्षीची हीच तिमाही घ्यायची."

"शाब्बास. आणि नफा वाढलेला दिसला की आधी काय विचारायचं?"

"कुठून वाढला."

"ताई, हिला माझी खुर्ची दे. मी रिटायर होतो."

असं कुणी म्हटल्यावर चौदा वर्षांच्या मुलीला काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. मी वहीच्या मागच्या पानावर 'मैथिली शिंगटे, सीए' अशी सही करायला लागले होते.

तर त्या भाऊबिजेला, रविवारी, घरात लाडू होते, चकली होती आणि एक प्रश्न होता. बाबांना लातूरकडच्या एका कारखान्यानं बोलावलं होतं. नवी डिस्टिलरी, हुद्दा मोठा. होकार-नकार सोमवारी सकाळी दहाच्या आत कळवायचा होता. मधुकोषच्या केमिकल साइडचं काही खरं नाही अशी कुजबुज कॉलनीत होती. म्हणून बाबांनी अर्ज केला होता. पण त्यांना जायचं नव्हतं. आईला तर मुळीच नाही. आणि मला! दहावी दारात आलेली, शाळेत सगळे मला ओळखायला लागलेले, आणि आता उठून कुठल्या तरी अनोळखी शाळेत शेवटच्या बाकावर बसायचं?

केमिकल साइड म्हणजे आमच्या कॉलनीच्या पलीकडचा प्लँट. डिस्टिलरीत उसाच्या मळीपासून अल्कोहोल होतं, आणि त्या अल्कोहोलपासून तिथं रंगात, शाईत घालायचं सॉल्व्हंट बनवायचे. त्याला थेट नेलपॉलिशचा वास येतो. वारा आमच्याकडं वळला की सगळी कॉलनी नटायला बसल्यासारखी वास मारायची. पाहुणे विचारायचे, "शेजारी लग्न आहे का हो?" गणपतीपासून मात्र तो वास आला नव्हता. बाबा म्हणायचे, बॉयलर बंद आहे, वाफ नाही, हंगामात सुरू होईल.

निकाल दोन दिवसांपूर्वीच लागला होता. मी तो वाचून काढला होता. ओवाळून झालं, मामाच्या तोंडात आईनं लाडू कोंबला आणि मी माझा कागद काढला.

"केमिकलचा नफा मागच्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा जवळजवळ दुप्पट आहे," मी जाहीर केलं. "इथेनॉल बरं आहे. साखर रडकी आहे, पण ती दरवर्षीच या दिवसांत रडते."

"बघ विन्या. बघ!" मामा लाडवाच्या भरल्या तोंडानं म्हणाला.

"पण एक विचारू? तयार मालाचा साठा एवढा कमी कसा झाला?"

मामानं लाडू गिळला. पाण्याचा घोट घेतला. मग माझ्याकडं बघून हसला. "दुकानातला माल संपला तर दुकान चांगलं चाललंय की वाईट?"

"चांगलं."

"मग?"

मला पटलं. मी कागदावर 'साठा'पुढं बरोबरची खूण केली.

बाबा खिडकीशी उभे होते. ते मागं न वळता म्हणाले, "अव्या, मजा बाजूला ठेव. मी उद्या त्यांना काय कळवू?"

"नाही म्हणून कळव. आणखी काय? अरे, केमिकल वाढवायचं चाललंय आणि तू लातूरला जाऊन काय करणार?"

"नक्की?"

"मी फायनान्स बघतो की कँटीन?"

आईचं ओवाळणीचं ताट अजून हातातच होतं. निरांजन हलत होतं. ती म्हणाली, "मग ऐक. या वर्षी मला साडी नको, पाकीट नको. माझी ओवाळणी एवढीच. आम्हाला इथून हलू देऊ नकोस."

मामानं डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. ताटातली सुपारी उचलून परत ताटात ठेवली.

"दिली," तो म्हणाला.

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी ओरडले, बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून चकलीचा डबा संपवला.

सोमवारी मोळीचा कार्यक्रम होता. आमच्याकडं हंगाम असाच सुरू होतो. गव्हाणीची पूजा करतात, म्हणजे ऊस जिथून आत सरकतो त्या पट्ट्याची, आणि पहिली मोळी टाकली की मोठा भोंगा वाजतो. सगळी कॉलनी नटूनथटून जाते. मी मात्र आईला सांगितलं, "मी मागून येते. तुझा मोबाइल ठेवून जा."

"काय काम आहे एवढं?"

"आहे. सरप्राइज आहे."

खरंच होतं. निकालानंतर कंपनीचे मोठे लोक फोनवरून शेअर बाजारवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्याचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतो. या वेळचा कॉल सोमवारी अकराला होता. मी ठरवलं होतं की त्या कॉलवर जाऊन मी मामाला एक झकास प्रश्न विचारणार. इंग्रजीत! तो दचकणार, मग संध्याकाळी भाकरी नाचवत सगळ्यांना सांगणार, "अरे, मुंबईच्या मोठमोठ्या लोकांत आपली मैथिली!" प्रश्न मी आरशासमोर दहा वेळा म्हणून बघितला होता.

फोन लावला. एका बाईनं गोड इंग्रजीत नाव विचारलं, कंपनी विचारली. मी म्हणाले, "मैथिली शिंगटे. इंडिव्हिज्युअल." थोडा वेळ सतार वाजली. मग कॉल सुरू झाला आणि अवीमामाचा आवाज आला. पण तो आमच्या घरातला आवाज नव्हता. इस्त्री केलेला, सावकाश.

एकानं साखरेच्या भावाचं विचारलं. एकानं इथेनॉलचं. मी बटण दाबून माझा नंबर लावला आणि वहीतला प्रश्न समोर धरला. मग एका बाईनं विचारलं, केमिकलचा नफा एवढा वाढला, तो पुढंही टिकेल का?

मामा म्हणाला, नाही. हा नफा एका वेळेचा आहे. वाघजाई माळाच्या युनिटमधलं उत्पादन आम्ही ऑगस्टअखेर थांबवलं होतं. या तिमाहीत साठलेला सगळा माल विकून टाकला. ते युनिट पुन्हा सुरू होणार नाही. यंत्रं गुजरातला जातील.

वाघजाई माळ म्हणजे आम्ही. मी खिडकीकडं बघितलं. वारा आमच्याकडंच वाहत होता. पडदा आत फुगला होता, आणि कसलाही वास नव्हता.

त्या बाईनं पुढं विचारलं, मग तिथल्या माणसांचा खर्च?

"तो जानेवारीनंतर कमी होईल," मामा म्हणाला. "आमची डिस्टिलरी या हंगामात वाढतेय. ती सुरू करून द्यायला केमिकलची अनुभवी माणसं लागतील. तोपर्यंत ती सोडून जाणार नाहीत, याची आम्ही काळजी घेतली आहे."

तेवढ्यात भोंगा वाजला. मोळी पडली होती. तो भोंगा माझ्या एका कानात खिडकीतून वाजत होता आणि दुसऱ्या कानात फोनमधून. गेस्ट हाउस कारखान्याला लागूनच. मामा थांबला, आणि भोंगा संपल्यावर हसून म्हणाला, "माफ करा. आमचा हंगाम सुरू झाला." फोनवरचे सगळे हसले. कुणीतरी अभिनंदनही केलं.

आणि मग ती गोड आवाजाची बाई म्हणाली, पुढचा प्रश्न मैथिली शिंगटे यांचा.

वहीतलं इंग्रजी समोर होतं. एक शब्द दिसेना. वक्तृत्वातली पहिली! दोनदा ती बाई म्हणाली, मॅडम, बोला, तुमची लाइन चालू आहे.

"मामा," मी मराठीत म्हणाले, "आई विचारतेय, आज भाजी कुठली करू?"

फोनवर कुणाचा तरी पंखा फिरत होता तो ऐकू येत होता. मग अगदी हळू, आमच्या घरातल्या आवाजात, "मैथू?"

त्या बाईनं घाईनं सांगितलं की आवाज स्पष्ट येत नाही, आपण पुढच्या प्रश्नाकडं वळू. माझी लाइन बंद झाली.

मी सायकल काढली. गव्हाणीपाशी गुलाल उडत होता, ताशा चालू होता. बाबांच्या कपाळाला गंध, हातात नारळाची वाटी. आई बायकांच्यात उभी राहून पेढे वाटत होती. मी बाबांचा हात धरून त्यांना ट्रॅक्टरच्या रांगेमागं ओढलं आणि सगळं सांगितलं. धापा टाकत, उलटसुलट.

"तू नीट ऐकलंस?"

"हो."

"इंग्रजीत होतं ना? तुझा काही गैरसमज—"

"बाबा, 'विल नॉट बी रिस्टार्टेड' एवढं इंग्रजी येतं मला!"

त्यांनी नारळाची वाटी ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवली. "साडेनऊला मी त्यांना नाही म्हणून कळवलं," ते म्हणाले.

"परत लावा फोन. आत्ता लावा."

त्यांनी लावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. "हो साहेब… नाही, माझंच चुकलं… बरं, बरं, काही हरकत नाही." फोन खिशात गेला. "पुढच्या माणसाला कळवलंही त्यांनी," बाबा म्हणाले. मग माझ्या गालावर गुलाल लागला होता तो त्यांनी अंगठ्यानं पुसला. जास्तच पसरला.

घरी आल्यावर आईला बाबांनीच सांगितलं. मला वाटलं आई रडेल, भांडायला गेस्ट हाउसवर जाईल. मी तर तयारच होते, चपला घालून. आईनं फक्त विचारलं, "आज जेवायला येणार आहे का तो?"

"कुठल्या तोंडानं येईल?" मी म्हणाले.

"येईल," आई म्हणाली आणि वांगी चिरायला बसली. भरली वांगी त्याला आवडायची.

आणि आला. दिवेलागणीला आला. नेहमीसारखाच, बेल न वाजवता, दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी. पण तिथं त्याचा पाट नव्हता. आई ओट्याशी होती. ती वळली.

"इथं नका बसू, साहेब. बाहेर मांडलंय."

बाहेरच्या खोलीत, टीपॉयवर, आईनं शोकेसमधल्या निळ्या फुलांच्या डिशेस काढून मांडल्या होत्या. बाबांचे वरिष्ठ आले तेव्हा, आणि माझ्या आत्याला बघायला मंडळी आली तेव्हा, एवढ्याच वेळा निघाल्या होत्या त्या. सोबत काचेचा ग्लास, घडी घातलेला नॅपकिन. एकाच माणसाचं वाढलेलं होतं.

"ताई, हे काय?"

"वांगी गरम आहेत. सुरू करा."

तो बसला. सोफा खोल असल्यानं टीपॉय त्याच्या गुडघ्यापाशी येत होता आणि त्याला वाकून जेवावं लागत होतं. बाबा समोरच्या खुर्चीत बसले. मी दाराच्या चौकटीत.

"विन्या, मला बोलता येत नव्हतं," तो म्हणाला. "तुला माहीत नाही. बोर्डाचा निर्णय जाहीर व्हायच्या आत एक शब्द बाहेर गेला तर गुन्हा आहे तो. कायदा आहे."

मीच बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी बोलले.

"न सांगायचा कायदा आहे, मामा. खोटं सांगायचा आहे का?"

"मैथिली, मोठ्यांच्यात—"

"साठा का कमी झाला, मी विचारलं होतं. मी बरोबर विचारलं होतं ना?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. वांग्याचं देठ डिशच्या कडेला सरकवलं. "बरोबर विचारलं होतंस," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी त्याच्या शाबासकीसाठी जीव टाकायचे. ही मिळाली, आणि मला ती नको होती.

"जानेवारीत मी तुला कुठंतरी लावून देणारच होतो, विन्या. माझ्या डोक्यात होतं. पुण्याकडं ओळखी आहेत माझ्या. तू आत्ता गेला असतास तर डिस्टिलरी कुणी सुरू केली असती? माझ्यावर पण लोक आहेत वर."

"अव्या," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "सकाळी साडेनऊला मी लातूरला फोन केला, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

मामाचा घास हातातच राहिला.

"मी नाही म्हणालो, तेव्हा तू माझ्या खांद्यावर थाप मारलीस."

बाहेर कारखाना सुरू झाल्याचा आवाज येत होता, हंगामाचा तो सलग, जाडसर आवाज, जो सुरुवातीचे दोन दिवस ऐकू येतो आणि मग कान विसरून जातात. मामानं डिश संपवली. आईनं विचारलं, "आणखी वाढू का?" त्यानं मान हलवली. हात धुवायला तो मोरीकडं जाणार तेवढ्यात आईनं तांब्या आणि तस्त बाहेरच आणून ठेवलं. स्वच्छ टॉवेलही दिला.

तो दारात गेला. बुटाची नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. मग उभा राहिला आणि रोजच्यासारखंच म्हणाला, "येतो, ताई."

आई उंबऱ्याच्या आत उभी होती, हात पदराला पुसत. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मामाही बघत होता. तो जिन्याची एक पायरी उतरला आणि थांबला, रोज थांबायचा तसा, मान अर्धी वळवून, तिच्या पुढच्या प्रश्नासाठी.

"बरं," आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.